बोहेचा काढा, पुदिन्याची जुडी आणि पेपरमिंटचं तेल: कुणी घ्यावं, किती आणि कसं

सिंगापूरला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. दोन दिवसांपासून त्यांचा घसा दुखतोय, डोकं जड आहे, अंगात कणकण आहे. दहा महिन्यांचं बाळ अंगावर पितं आणि त्याचंही नाक चोंदलंय. शेजारच्या चिनी आजींनी मेडिकल हॉलमधून, म्हणजे तिकडच्या काष्ठौषधींच्या दुकानातून, वाळलेल्या बोहेची पुडी आणून दिली आणि ‘उकळून पी’ म्हणाल्या. नाशिकहून आलेल्या सासूबाईंचं म्हणणं, हा आपला पुदिनाच. त्यापेक्षा टेक्का मार्केटातून ताजी जुडी आण, आणि बाळाच्या झबल्याला अमृतधारेचे दोन थेंब लाव. घरात पेपरमिंट तेलाची बाटलीही आहे. सासऱ्यांना आम्लपित्त आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांनाही हाच काढा दिला तर चालेल का? आणि शेवटी एक वाक्य: ‘पुदिनाच तर आहे, त्यानं काय अपाय होणार?’

या शेवटच्या वाक्यासाठीच हे लांबलचक उत्तर लिहितेय. ताईंच्या घरात आत्ता पुदिन्याच्या नावाखाली चार वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या घेणारी माणसं तीन, तीही अगदी वेगळ्या प्रकृतीची. पान निरुपद्रवी म्हणून तेलही निरुपद्रवी, आईला चाललं म्हणून बाळालाही चालेल, असं धरून चाललं की घोटाळा होतो.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी पुण्यात बी.ए.एम.एस. केलं, पुढे ऑस्ट्रेलियात चिनी वैद्यक शिकले आणि मेलबर्नमध्ये त्याचीच प्रॅक्टिस करते. इथे २०१२ पासून चिनी वैद्यांची देशपातळीवर नोंदणी होते. सिंगापुरातही त्यासाठी कायदा आहे आणि नोंदणीकृत वैद्य सहज भेटतात. मी तुमची नाडी पाहिलेली नाही, जीभ पाहिलेली नाही, बाळालाही पाहिलेलं नाही. त्यामुळे काही ठिकाणी ‘असं असेल तर’ असंच लिहावं लागेल.

आधी वनस्पतीचं बघू. सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बोहे म्हणजे मेंथा हॅप्लोकॅलिक्स. आता बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ ते मेंथा कॅनडेन्सिस या प्रजातीत धरतात. चटणीसाठी भाजीवाल्याकडून येणारा पुदिना बहुतेक वेळा मेंथा स्पिकाटा असतो. दोघांचं कूळ एकच, तुळशीचं, पण रसायन वेगळं. बोहेच्या तेलात सर्वांत मोठा वाटा मेंथॉलचा असतो. चटणीच्या पुदिन्यात मेंथॉल नगण्य. त्याचा वास कार्व्होन नावाच्या घटकाचा. म्हणून चटणी खाल्ल्यावर तोंड ताजंतवानं वाटतं, पण नाकातून थंडगार झोत गेल्यासारखं होत नाही. तिसरा तो पेपरमिंट: पाणपुदिना आणि चटणीचा पुदिना यांचा संकर. त्यातही मेंथॉल भरपूर, पण बोहेपेक्षा कमी.

गंमत म्हणजे बोहेचा अगदी सख्खा भाऊ भारतातच सर्वांत जास्त पिकतो. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला शेतकरी ज्याला ‘मेंथा’ म्हणतात, तो जपानी पुदिना, आणि लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्या संस्थेनं ज्याचे ‘कोसी’सारखे वाण काढले, तोच हा. जगाला लागणाऱ्या नैसर्गिक मेंथॉलचा फार मोठा भाग तिथून जातो. अमृतधारेतलं ‘पेपरमिंटचं फूल’ म्हणजे हेच मेंथॉल, स्फटिकाच्या रूपात. तेव्हा बोहेचं खरं भारतीय नातं टेक्का मार्केटातल्या जुडीशी कमी आणि सासूबाईंच्या अमृतधारेच्या बाटलीशी जास्त आहे.

आता चिनी वैद्यकात बोहे कशासाठी देतात ते. तांग राजवटीत ६५९ साली तयार झालेल्या सरकारी औषधसंग्रहात त्याची नोंद आहे. सोळाव्या शतकात ली शिझेन या वैद्यांनी सुचाऊकडचं बोहे औषधाला उत्तम असं लिहून ठेवलं, आणि आजही च्यांगसू प्रांतातल्या त्याच भागाचा माल नावाजलेला आहे. गुणधर्म असे सांगितले जातात: रस तिखट, स्वभाव थंड, जाण्याचा मार्ग फुफ्फुस आणि यकृत यांचा. तिखट रस आतलं बाहेर ढकलतो आणि थंडपणा उष्णता उतरवतो. म्हणून उष्ण प्रकारच्या सर्दीतापाच्या सुरुवातीला, घसा लाल होऊन दुखत असेल, डोळे चुरचुरत असतील, कपाळ ठणकत असेल तर ते देतात. अंगावर पुरळ नीट उमटत नसेल तेव्हाही जुने वैद्य ते द्यायचे, विशेषतः गोवरात. गोवराच्या संशयात मी मात्र सरळ रुग्णालयात पाठवते. तिथे काढ्याचं काम नाही.

दुसरा उपयोग आपल्या लोकांना फारसा माहीत नसतो. मन कोंडलेलं, छातीत दाटल्यासारखं, बरगड्यांखाली ताण, पाळीच्या आधी चिडचिड, अशा तक्रारींवर श्याओयाओ सान नावाचं सोंग राजवटीच्या काळापासून चालत आलेलं चूर्ण आहे. त्यात बोहे अगदी चिमूटभर पडतं. तिथे त्याचं काम ताप उतरवण्याचं नसून अडकलेली गती मोकळी करण्याचं असतं. उलट, त्याच काळातल्या डोकेदुखीवरच्या छ्वानश्योंग छाथ्याओ सान या चूर्णात बोहेचं वजन सगळ्या घटकांत जास्त असतं, आणि ते साध्या चहाबरोबर घ्यायचं. एकच पान, मात्रा बदलली की काम बदलतं.

इथे आयुर्वेद शिकलेल्या माणसाला ठेच लागते. आपल्याकडे पुदिना उष्ण वीर्याचा, दीपन-पाचन, कफवात कमी करणारा असं शिकवतात. चिनी ग्रंथ बोहेला थंड म्हणतात. मला विद्यार्थी नेहमी विचारतात की खरं कोण. माझं मत असं की दोन्ही पद्धतींची मोजपट्टीच निराळी आहे. आयुर्वेद पोटात गेल्यावर अग्नीचं काय होतं ते पाहतो. चिनी वैद्य ताप, घसा, जीभ, घाम यांच्यावर काय घडतं ते पाहतात. शिवाय जिभेला लागणारा गारवा हा भाग वेगळाच. त्वचेत थंडी ओळखणारी टीआरपीएम-८ नावाची ग्राहकं असतात, मेंथॉल ती चाळवतं आणि तापमान न बदलताही गार वाटतं. ही ग्राहकं शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता. बरं, नाक चोंदलेलं असताना मेंथॉल हुंगलं की मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण मोजून पाहिलं तर नाकातला अडथळा फारसा कमी झालेला नसतो. आराम खराच वाटतो, पण तो जाणिवेच्या पातळीवरचा. बाळाच्या बाबतीत हा मुद्दा पुन्हा लागेल.

तुमच्या सर्दीला बोहे लागू पडतं का? चिनी वैद्य इथे पहिला फाटा पाडतात. ताप थंडीपेक्षा जास्त, घसा लाल आणि दुखरा, तहान, शेंबूड घट्ट आणि पिवळा, जिभेचं टोक लाल, तर ती उष्ण प्रकारची सर्दी, बोहे तिथलं. हुडहुडी जास्त, नाकातून नुसतं पाणी, मान-पाठ आखडलेली, घसा जेमतेम खवखवतोय, पांघरूण सोडवत नाही, तर ती थंड प्रकारची. तिथे आलं किंवा चिनी स्वयंपाकातलं झसू नावाचं पान बरं. बोहे दिलं तर माणूस आणखी गारठतो. तुम्ही घसा दुखतोय आणि कणकण आहे एवढंच लिहिलंय. आरशात घसा बघा, शेंबडाचा रंग बघा. एअर कंडिशनरखाली रात्र काढून सकाळी शिंका सुरू झाल्या असतील तर मी आल्याचा चहा सांगेन, आजींची पुडी तशीच राहू देईन.

यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. साधी सर्दी काही घेतलं नाही तरी आठवड्याभरात उतरते. बोहेच्या काढ्यानं ती किती लवकर उतरते याचा भक्कम पुरावा नाही. मी ते देते ते घशाला आणि डोक्याला आराम पडतो म्हणून, आणि रुग्ण त्या निमित्तानं गरम पितो, झोपतो, विश्रांती घेतो म्हणूनही.

उकळण्याची पद्धत मात्र आजींना विचारून घ्या, कारण ‘उकळून पी’ या दोन शब्दांत अर्धं औषध उडून जातं. आपल्याकडे काढा म्हणजे सोळापट पाण्याचा एक अष्टमांश होईपर्यंत आटवलेला. बोहेचं उलट. त्याचा गुण तेलात आणि तेल वाफेत. म्हणून दुकानातून मिळणाऱ्या पुड्यांमध्ये बोहेची पुडी बहुधा वेगळी बांधून देतात आणि वर ‘शेवटी टाका’ अशी सूचना असते. वू जूथोंग या वैद्यांनी १७९८ साली यिनछ्याओ सान या चूर्णाची कृती लिहिताना बजावलंय की सुगंध दरवळला की लगेच उतरवून प्या, जास्त उकळू नका; जास्त उकळलं तर औषध जड होतं आणि वरच्या भागात काम करण्याऐवजी पोटात बसतं. आजच्या भाषेत सांगायचं तर तुमचं स्वयंपाकघर छान घमघमेल आणि कपात नुसतं कडवट पाणी उरेल.

मी सांगते ती रीत साधी आहे. प्रौढासाठी दिवसाला ३ ते ६ ग्रॅम वाळलेलं बोहे, ही चिनी औषधसंहितेतलीच मात्रा. तुम्ही बाळाला पाजता, म्हणून ३ ग्रॅमच्या वर जाऊ नका. मेडिकल हॉलवाला छोट्या काट्यावर तोलून ३-३ ग्रॅमच्या पुड्या करून देईल. दोन कप पाणी खळखळून उकळा, आच बंद करा, बोहे टाका, घट्ट झाकण ठेवा, पाच मिनिटांनी गाळा. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब परत कपात पाडा, वास त्यांनाच असतो. सोबत शेवंतीची फुलं किंवा तुतीची पानं टाकायची असतील तर ती आधी दहा मिनिटं उकळून घ्या आणि बोहे शेवटी. शेवंतीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल तर ती टाकू नका. दोन वेळा विभागून कोमट प्या, दोन ते तीन दिवस. हलका घाम येऊन अंग हलकं झालं की थांबायचं. पुडी शिल्लक आहे म्हणून पुढे पंधरा दिवस प्यायचं नाही.

हे थांबण्याचं एवढं का? तिखट, बाहेर ढकलणारी औषधं जास्त काळ घेतली की शक्ती उतरते, घाम अकारण येत राहतो, असं जुन्या ग्रंथांत वारंवार येतं. आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाला बोहे देऊ नका, घाम थांबणार नाही, असाही इशारा आहे. रात्री घामानं उशी भिजते, तळहात-तळपाय तापतात, जीभ लाल आणि कोरडी आहे, अशांना मी बोहे देत नाही. बाळंतपणानंतर जागरणांनी थकलेल्या आयांमध्ये हे चित्र पुष्कळदा दिसतं. तुमचं तसं असेल तर पुडी बाजूला ठेवा.

आता दुधाचं. चिनी वैद्यकात बोहे जास्त घेतल्यानं दूध कमी होतं असं मानतात, आणि पाजणाऱ्या बायकांना जपून देतात. दूध तोडायचं असेल तेव्हा मुख्य औषध भाजलेल्या मोडाच्या सातूचं, बोहे नव्हे. पण सावधगिरी दोघांबद्दल सांगितलेली आहे. पाश्चात्त्य स्तनपान-सल्लागारही पेपरमिंट जास्त प्रमाणात घेऊ नका म्हणतात. हे सगळं मुख्यतः अनुभवाचं ज्ञान आहे, मोठे अभ्यास नाहीत. माझा अंदाज असा की दोन-तीन दिवस एक-दोन कप पिऊन दहा महिन्यांच्या बाळाच्या आईला फरक जाणवणार नाही, कारण बाळ आता वरचंही खातंय. दूध आधीच कमी असेल तर मात्र घेऊ नका. मीठ-पाण्याच्या गुळण्या आणि गरजेपुरतं पॅरासिटामॉल पुरेसं आहे.

तेलाकडे येऊ, कारण खरा धोका तिथे आहे. थोडा हिशेब करा. चिनी औषधसंहितेनुसार चांगल्या वाळलेल्या बोहेत किमान ०.८ टक्के बाष्पशील तेल हवं. म्हणजे ६ ग्रॅम पानांत, प्रौढाच्या दिवसभराच्या पूर्ण मात्रेत, साधारण ०.०५ मिलिलिटर. ड्रॉपरचा एक थेंब. त्यातलंही बरंचसं वाफेबरोबर जातं. आता बाटलीतला छोटा चमचा, ५ मिलिलिटर, म्हणजे किती पानं? सहाशे ग्रॅमच्या वर. कुणी घडाभर काढा प्यायला तरी तिथवर पोचणार नाही, पण बाटली हाताशी आली की रांगणारं मूल एका घोटात पोचू शकतं. शिवाय तिकडच्या घरोघरी असणाऱ्या हिरव्या-पिवळ्या ‘मेडिकेटेड ऑइल’च्या बाटल्यांत मेंथॉलच्या जोडीला बऱ्याचदा विंटरग्रीन तेल, म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट असतं. ते पोटात जाणं ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेइतकं घातक. बाटल्या वरच्या फडताळात, कुलपात.

बाळाच्या झबल्याला अमृतधारा नको. सासूबाईंना वाईट वाटेल, पण हे स्पष्ट सांगावं लागेल. अमृतधारा म्हणजे मेंथॉल, कापूर आणि ओव्याचं फूल. तिन्ही घन पदार्थ एकत्र केले की आपोआप पातळ होतात. लहान बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल आलं की स्वरयंत्र आवळलं जाऊ शकतं, श्वास क्षणभर थांबू शकतो. युरोपात पेपरमिंट तेल आणि मेंथॉल दोन वर्षांखालच्या मुलांना वर्ज्य ठरवलंय ते याच कारणानं. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात, आणि बाळ झबलं चोखतंच. वर सांगितल्याप्रमाणे मेंथॉलनं नाक खरोखर मोकळं होतही नाही. मोठ्या माणसाला तसं वाटतं म्हणून सुख मिळतं, बाळाला नुसती झोंबी. त्याच्यासाठी पाजण्याआधी सलाइनचे थेंब, बल्बनं किंवा नळीनं नाक साफ करणं आणि थोडं थोडं, वारंवार पाजणं. बोहेचा काढाही त्याला चमच्यानं देऊ नका.

सिंगापुरात राहता म्हणून एक आणखी तपासा. तिथे १९६५ पासून नवजात बाळांची जी-६-पीडी या एन्झाइमसाठी नाळेच्या रक्तावर तपासणी होते. बाळ तिथेच जन्मलं असेल तर त्याच्या हेल्थ बुकलेटमध्ये निकाल लिहिलेला असेल. कमतरता असेल तर काही पदार्थांनी तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. मेंथॉलयुक्त मलमांमुळे अशा नवजात बाळांची कावीळ वाढल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. तिथले पालक जी टाळण्याची यादी जपून ठेवतात, तिच्यात डांबरगोळ्यांच्या जोडीला काही चिनी औषधंही असतात: ह्वांगल्येन, न्यूह्वांग, लामेइह्वा, मोत्याची भुकटी आणि जिनयिनह्वा.

शेवटचं नाव मी मुद्दाम वेगळं काढतेय. जिनयिनह्वा म्हणजे हनीसकलची फुलं, आणि यिनछ्याओ सानातल्या मुख्य औषधांपैकी ते एक. घसादुखीला बोहे मागायला गेलात की दुकानदार बहुधा म्हणेल, नुसतं बोहे कशाला, यिनछ्याओच्या गोळ्या घ्या. बोहे त्यातही असतंच. बाळाला जी-६-पीडीची कमतरता असेल आणि ते अंगावर पीत असेल, तर त्या गोळ्या घेण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. निकाल सामान्य असेल तर हा मुद्दा तुमच्यापुरता मिटला. आणि कुणी चीनमधून ‘व्हिटामिन सी यिनछ्याओ’ आणून दिली तर खोक्यावरचे घटक नक्की वाचा. तिच्यात पॅरासिटामॉल आणि क्लोरफेनिरामिन हे सर्दीचं ॲलोपॅथिक औषध मिसळलेलं असतं. वनौषधी समजून ती घेतली आणि वर तापाची गोळी घेतली की पॅरासिटामॉल दुप्पट झालं.

सासऱ्यांचं उत्तर सोपं आहे: नको. आम्लपित्तवाल्या माणसाला ‘पुदिना पोटाला चांगला’ म्हणून पेपरमिंटचा चहा देणं ही फार पसरलेली सवय आहे. मेंथॉल आतड्यांचे स्नायू सैल करतं. मोठ्या आतड्यात मुरडा येणाऱ्यांना त्याचा फायदा होतो, आणि आयबीएस या आतड्यांच्या दुखण्यासाठी आवरण दिलेल्या पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलला बऱ्यापैकी पुरावा आहे. पण तेच तेल अन्ननलिकेच्या तळाची झडपही सैल करतं, आणि आम्ल वर येतं. आवरणवाली कॅप्सूल अँटासिडबरोबर घेतली तर आवरण पोटातच विरघळतं आणि जळजळ आणखी वाढते. पित्ताशयात खडे असतील तरीही तेल टाळावं. रक्तदाबाची गोळी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. पेपरमिंट तेलाच्या मोठ्या मात्रेनं फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढल्याचं माणसांवरच्या अभ्यासात दिसलंय. कपभर काढ्यानं तसं होण्याची शक्यता कमी. त्यांच्या बाबतीत मला बोहेपेक्षा जास्त काळजी ज्येष्ठमधाची वाटते. सर्दीखोकल्याच्या बहुतेक चिनी मिश्रणांत ते गान्त्साओ नावानं असतं, आपल्याही खोकल्याच्या काढ्यांत असतं, आणि ते सतत घेतलं की रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. जेवणात चटणी खायला त्यांना काही हरकत नाही, जळजळ होत नसेल तोवर.

सासूबाईंच्या जुडीबद्दल: चटणीच्या पुदिन्याचा चहा तुम्हाला प्यायचा असेल तर खुशाल प्या. बोहेचा परिणाम त्यातून मिळणार नाही, पण घशाला ऊब मिळेल, आणि सासूबाईंचा शब्दही राहील. फक्त ‘रानपुदिना’ म्हणून कुणी परदेशी वाळलेली वनस्पती दिली तर घेऊ नका. पेनीरॉयल नावाचा पुदिना युरोपात गर्भपातासाठी वापरला जायचा, आणि त्याच्या तेलातल्या पुलेगोननं यकृत निकामी होऊन बायका दगावल्या आहेत. गरोदरपणात पुदिन्याची पानं जेवणापुरती ठीक. कुठलंही पुदिना-तेल पोटात नको.

पुडी चांगली आहे का, हे हातात घेऊन कळतं. बोहेची काडी चौकोनी असते. बोटांत फिरवली की चार कडा लागतात. रंग जांभळट तपकिरी किंवा फिकट हिरवा, तुटलेल्या टोकाला आत पांढरं, बऱ्याचदा पोकळ. पानं सुरकुतलेली, कुस्करली की थंड वास लगेच उठायला हवा. नुसत्या काड्या आणि वास नाही, तर तो माल जुना. दुकानदाराला परत करा. औषधसंहितेत पानांचं प्रमाण किमान ३० टक्के हवं असं म्हटलंय ते उगीच नाही, तेल पानांतच असतं. हवाबंद बरणीत, उजेडापासून दूर ठेवा.

चिनी औषध म्हटलं की कुणी तरी ‘किडनी जाते’ म्हणतंच. १९९० च्या दशकात ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या औषधात एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली आणि बऱ्याच बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, हे खरं आहे. बोहेचा त्याच्याशी संबंध नाही, पण अदलाबदल हाच खरा धोका, म्हणून सुटी पुडी नोंदणीकृत दुकानातूनच घ्या. तयार गोळ्या घ्यायच्या तर सिंगापूरच्या आरोग्य-विज्ञान प्राधिकरणाच्या यादीत असलेल्याच.

घसा इतका दुखतोय की थुंकी गिळता येत नाही, आवाज घोगरा होऊन श्वासाला घरघर लागली, ताप तीन दिवसांनंतरही उतरत नाही, मान आखडली किंवा अंगावर न दबणारे लाल ठिपके उठले, तर काढा गाळत बसू नका, दवाखान्यात जा. बाळ दूध घेईना, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय किंवा लंगोट नेहमीपेक्षा फारच कमी ओला होतोय, तर रात्र असली तरी न्या.

शेंबडाचा रंग, रात्री घाम येतो का, हेल्थ बुकलेटमधला जी-६-पीडीचा निकाल आणि सासऱ्यांच्या गोळीचं नाव, एवढं खाली लिहिलंत तर तुमच्यापुरतं नेमकं सांगता येईल.